बोर्डो नावाचं गाव

(दहावीच्या १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलले तसंच ठेवलं आहे.)



माझी ओळख आत्ता 'फ्रान्स फिरून आलेली आपली मैत्रीण' अशी करून दिली गेली. त्याला कारण आपला व्हॉट्सॲप ग्रुप. गेल्या सप्टेंबरात तिथून मी सायकलवरचा एक फोटो टाकला. कोणती नदी, कोणता पूल, कुणी विचारलं नाही. अर्ध्या तासात सगळ्यांचा मिळून एकच प्रश्न आला, "पिलीस का?"

तेव्हा आधी त्याचं उत्तर देते. बाई समोर बसल्या आहेत, खोटं बोलणार नाही. दोन घोट घेतले. एक तांबड्या वाईनचा आणि एक पांढऱ्या. तांबडीनं जीभ अशी आखडली की जणू कच्चं जांभूळ खाल्लं. पांढरी बरी होती. झालं. आता पुढचं ऐका.

त्या शहराचं नाव बोर्दो. फ्रेंच लोक 'द' म्हणतात, आपण 'ड' म्हणतो. बोर्डो. हा शब्द इथल्या निम्म्या लोकांना लहानपणापासून माहीत आहे आणि तो कुणी भूगोलाच्या तासाला शिकवलेला नाही. आपल्या तालुक्यात तो "बोर्डो मारला का?" अशा वाक्यात येतो. दहावी होईपर्यंत मला वाटायचं की बोर्डो म्हणजे त्या निळ्या औषधाचं नाव. पुढं इंजिनिअरिंगला सांगलीला गेल्यावर वसतिगृहातल्या एका मुलीनं सांगितलं, अगं ते फ्रान्समधलं शहर आहे. मला ते पटायला वेळ लागला. केवड्याच्या औषधाला कुणी शहराचं नाव कशाला देईल?

शहरात राहिलेल्यांसाठी थोडं सांगते. बागायतदारांनी तेवढा वेळ मोबाईल बघायला हरकत नाही. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात लोंबकळत ठेवायचा. चुना वेगळ्या बादलीत विरवून गाळून घ्यायचा. दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतायचं आणि काठीनं ढवळत राहायचं. पिंप प्लॅस्टिकचं, लोखंडाचं नाही. आकाशी रंगाचं दाट पाणी तयार होतं. मग शेवटी त्यात विळा बुडवायचा. विळ्यावर तांबूस पुट चढलं तर मोरचूद जास्त झाला, पानं करपणार, म्हणून आणखी चुना घालायचा. विळा होता तसा निघाला तर औषध बरोबर.

विज्ञानाच्या सरांना आठवतंय का माहीत नाही. नववीत त्यांनी परीक्षानळीत मोरचुदाचं द्रावण घेऊन त्यात लोखंडी खिळा सोडला आणि विस्थापन अभिक्रिया दाखवली. मी उठून म्हणाले, "सर, आमच्यात विळा सोडतात." सगळा वर्ग हसला. सर, तुम्ही हसला नाहीत. तुम्ही मला फळ्याजवळ बोलावून सगळी कृती सांगायला लावली. मी इंजिनिअर झाले त्याची सुरुवात बहुतेक त्याच दिवशी झाली.

पण आज मला सांगायचं आहे ते दहावीतलं.

त्या वर्षी आमची दोन एकर बाग होती. ऑक्टोबरची छाटणी झाली, घड बाहेर पडले आणि नोव्हेंबरात पाऊस लागला. बाग असलेल्यांना पुढचं सांगायला नको. आबा तापानं फणफणले होते. पहाटे पाचला त्यांनी मला उठवलं आणि म्हणाले, तू औषध कालव, गडी सहाला येतील. मला सातला गणिताचा जादा तास होता आणि उशीर झाला की वर्गाबाहेर उभं राहावं लागायचं. (सर, तुमच्यावर ढकलत नाही, तो नियम बरोबरच होता.) मी घाईघाईत कालवलं. विळा जागेवर नव्हता. शोधत बसले नाही. आबांनी आतून विचारलं, "इळा बघितलास का?" मी म्हणाले, "बघितला, चांगला हाय." आणि सायकल काढली.

आठ-दहा दिवसांत पानं तपकिरी पडली. घड वाळून काड्या झाले. पुढच्या वर्षी आबांनी बाग काढली. वेली तोडून बांधावर टाकल्या होत्या, लोखंडी अँगल विकले, तारा गुंडाळून विकल्या. मी अकरावीत होते. चुना कमी पडला, पानं माझ्यामुळं करपली, हे मला ठाऊक होतं आणि मी ते कुणालाही सांगितलं नाही. तीस वर्षं नाही. नवऱ्यालाही नाही.

तर अशी मी, गेल्या सप्टेंबरात आमच्या कंपनीच्या कामासाठी बोर्दोला पाच दिवस गेले. सोमवार ते शुक्रवार एका काचेच्या खोलीत बसून दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर दुरुस्त केलं, त्यावर सांगण्यासारखं काही नाही. शनिवार मोकळा होता. हॉटेलवाल्यानं सांगितलं की गाईडबरोबर तीन तासांची सायकल फेरी असते, शहर सपाट आहे, कुणालाही जमते. 'कुणालाही' म्हणताना त्यानं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. मी शेवटची सायकल चालवली होती ती अकरावीत.

आम्ही आठ जण होतो. एक जर्मन म्हातारा-म्हातारी, चार कॅनेडियन, एक ब्राझीलचा मुलगा आणि मी. गाईड पंचविशीतली मुलगी. तिला विचारलेलं नाही म्हणून नाव सांगत नाही. सायकली देताना तिनं इंग्रजीत एकच सूचना तीनदा दिली. ट्रामचा रूळ आडवा कापायचा, तिरका नाही, आणि रुळाच्या बाजूनं तर मुळीच जायचं नाही.

दहाव्या मिनिटाला माझं पुढचं चाक रुळाच्या खाचेत गेलं आणि मी आडवी.

गुडघा खरचटला, बाकी काही नाही. पण मी खाली बसल्या बसल्या वर पाहिलं आणि लक्षात आलं की ट्रामला वर तार नाही. रस्त्यावर रूळ, दोन्ही बाजूंना अडीचशे-तीनशे वर्षांच्या पिवळसर दगडी इमारती, आणि वर नुसतं आकाश. मी गुडघा पुसत विचारलं, वीज कुठून येते? ती म्हणाली, खालून. दोन रुळांच्या मधोमध तिसरी पट्टी आहे, तिचे तुकडे तुकडे केलेले आहेत आणि ट्राम ज्या तुकड्यावर असेल तेवढ्याच तुकड्यात वीज सोडली जाते. ट्राम पुढं सरकली की मागचा तुकडा बंद. त्यावर पाय ठेवला तरी काही होत नाही. जुन्या इमारतींसमोर तारांचं जाळं नको म्हणून २००३ मध्ये शहरानं हे करून घेतलं. सुरुवातीची काही वर्षं ती व्यवस्था सारखी बंद पडायची आणि लोक वैतागायचे, असंही तिनं सांगितलं. हे ऐकून मला फार बरं वाटलं. गुडघा विसरले.

त्या इमारतींचा दगड म्हणजे चुनखडी. मऊ दगड, कोरायला सोपा, म्हणून प्रत्येक दाराखिडकीच्या वर कोरलेला एक चेहरा असतो. कुठं दाढीवाला जलदेव, कुठं द्राक्षांचा मुकुट घातलेला मद्याचा देव, कुठं दात विचकणारा राक्षस. असे सुमारे ३,००० चेहरे शहरात आहेत म्हणे. गाडीतून जाताना ते दिसत नाहीत आणि पायी चालताना मान दुखते, सायकल मात्र बरोबर त्या वेगाची आहे. हा दगड कित्येक वर्षं धुरानं काळा पडला होता. गेल्या तीसेक वर्षांत त्यांनी रस्त्यामागून रस्ते धुऊन काढले.

जुन्या गावातून जाताना तिनं इतिहास भराभर सांगितला, मीही भराभर सांगते. ११३७ मध्ये इथल्या सेंट आंद्रे चर्चमध्ये अक्विटेनच्या एलिनॉरचं फ्रान्सच्या राजपुत्राशी लग्न लागलं, तो लगेच राजाही झाला. ते लग्न मोडलं. मग ११५२ मध्ये तिनं ज्याच्याशी लग्न केलं तो दोन वर्षांनी इंग्लंडचा राजा झाला. माहेरची जमीन तिच्या नावावर, त्यामुळं बोर्दो इंग्लंडच्या राज्यात गेलं आणि १४५३ पर्यंत, म्हणजे तीनशे वर्षं, तिथंच राहिलं. इंग्रजांना तिथल्या वाईनची चटक लागली ती तेव्हा. पिंपंच्या पिंपं जहाजानं जायची. जहाज किती मोठं, तर त्यात वाईनची किती पिंपं मावतात यावर मोजायचे. आपण टन म्हणतो तो शब्द त्या पिंपाचा आहे. आपल्या इतिहासाच्या बाईंनी असं एक लग्न सांगितलं असतं तर सनावळ्या पाठ झाल्या असत्या, असं माझ्या मनात आलं. (बाई हसताहेत, म्हणजे माफी मिळाली.)

मग नदी. गारोन. फोटोत ती सोनेरी दिसते, प्रत्यक्षात आपल्या कृष्णेचं जुलैतलं पाणी. गढूळ, जाड, चहासारखं. समुद्र तिथून शंभरेक किलोमीटर लांब आहे तरी भरती-ओहोटीचं पाणी शहरापर्यंत येतं आणि गाळ ढवळत राहतं. तिच्यावरचा दगडी पूल १८२२ चा. नेपोलियननं बांधायला सांगितला आणि पुरा झाला तो त्याच्या मरणानंतर. सतरा कमानी आहेत. 'नेपोलियन बोनापार्ट' ही फ्रेंच अक्षरंही सतरा, म्हणून तेवढ्या कमानी, अशी तिथली गोष्ट. मी हँडलवर बोटं मोजून पाहिली, अक्षरं बरोबर भरतात. गोष्ट खरी का, विचारल्यावर ती म्हणाली, पर्यटकांना आवडते. त्या पुलावर आता खासगी मोटारींना बंदी आहे. ट्राम, बस, सायकली आणि पायी माणसं. १९६५ पर्यंत गावात गाड्यांना नदी ओलांडायला तेवढा एकच पूल होता, आणि त्यावर आम्ही आठ जण रमतगमत, घंटा वाजवत निघालो होतो.

पलीकडच्या काठावरून मागं वळून पाहिलं की पूर्ण शहर एका नजरेत दिसतं. नदी तिथं कोयत्यासारखी वळलेली आहे. त्यांना ती चंद्रकोर दिसते, म्हणून बंदराचं नाव चंद्राचं बंदर. २००७ मध्ये युनेस्कोच्या यादीत त्याच नावानं गेलं. तसंच उत्तरेला जाऊन दुसऱ्या एका पुलावरून परत अलीकडं आलो. हा २०१३ चा. त्याचा मधला भाग लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो आणि खालून मोठी जहाजं जातात. पलीकडं वाईनचं नवं संग्रहालय, २०१६ चं. पेल्यात फिरवलेल्या वाईनसारखा आकार केलाय असं म्हणतात. मला तो पितळी तांब्या कलंडल्यासारखा वाटला. आत गेलो नाही.

तिथून शार्त्रों नावाच्या भागात आलो. हा वाईनच्या व्यापाऱ्यांचा मोहल्ला. डच, इंग्रज, आयरिश, जर्मन अशी परदेशातून आलेली घराणी इथं नदीकाठी पेढ्या घालून बसली. घराचं तोंड अरुंद आणि आत खोलच खोल गोदाम, २२५ लिटरच्या पिंपांच्या रांगांसाठी. वाईन पिकवणारा लांब गावात, पैसा ठरवणारा इथं. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी इथल्या दलालांनी बागांची पाच वर्गांत प्रतवारी लावली, कुणाच्या मालाला बाजारात काय भाव येतो त्यावरून. तीच यादी आजही चालते. १९७३ मध्ये एका बागेला दुसऱ्या वर्गातून पहिल्यात घेतलं, तेवढाच काय तो बदल मोठा. आपल्या तासगावच्या बेदाणा सौद्यात सकाळी लागलेली प्रत दुपारच्या चहापर्यंत टिकत नाही.

तिथल्या एका छोट्या दुकानात ते दोन घोट झाले. बाकीचे पेल्यात नाक घालून वास घेत होते. मी गाईडला हळूच विचारलं, "चुना आणि मोरचुदाचं ते निळं औषध इथलंच का?" मला इंग्रजीत नीट सांगता येईना. मी हातानं ढवळल्याचं, फवारल्याचं करून दाखवलं. तिचा चेहरा एकदम उजळला. "बुयी बोर्दलेझ!" बोर्दोची कांजी म्हणा हवं तर. ती म्हणाली, हा प्रश्न मला आजवर एकाही पर्यटकानं विचारला नाही, तू कोण आहेस? मी म्हणाले, द्राक्षवाल्याची मुलगी.

मग तिनं ती गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या एका बारीक किडीनं फ्रान्सच्या वेलींची मुळं खाल्ली. उपाय म्हणून अमेरिकेतल्याच रानवेलींची मुळं आणून त्यांवर फ्रेंच वेलींची कलमं केली. (आपण आज डॉगरिजवर कलमं करतो, तो खुंटही अमेरिकनच.) पण त्या मुळांबरोबर १८७८ च्या सुमारास केवडा आला. एका रोगाचा इलाज करायला गेले आणि दुसरा घरात घेतला. १८८२ मध्ये बोर्दोच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे, आपल्या शेतकीच्या पुस्तकात मिलार्डेट लिहितात ते, मेडॉकमधल्या एका बागेजवळून जात होते. सगळी बाग केवड्यानं गेलेली, फक्त रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार. चौकशी केली तर कळलं, येणारे-जाणारे घड तोडून नेतात म्हणून त्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. विषारी दिसावं म्हणून. औषध म्हणून नाही. त्यांनी गेयों नावाच्या रसायनशास्त्रज्ञाबरोबर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये कृती छापली.

म्हणजे जगातलं पहिलं मोठं बुरशीनाशक सापडलं ते द्राक्षचोरांमुळं. आता इथं बसलेल्यांपैकी शाळेतून घरी जाताना रस्त्याकडेच्या बागेत कोणकोण शिरायचं, ते मी सांगत नाही. त्यातले दोघं आज स्वतः बागायतदार आहेत आणि एक पोलिसात आहे.

मी हसत होते, पण ती गप्प झाली. म्हणाली, माझ्या मामानं या वर्षी बाग काढली. फ्रेंचमध्ये काका-मामाला एकच शब्द, म्हणून मी विचारून घेतलं. आईचा भाऊ. सात हेक्टरांतली चार काढली. आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, तिकडं पावसानं केवडा असा आला की मेर्लो जातीची द्राक्षं हातची गेली. मामानं किती फवारण्या केल्या तेही तिला पाठ होतं. शिवाय लोक तांबडी वाईन पूर्वीइतकी पीत नाहीत, चीनची मागणी घटली, गोदामं भरलेली. शेवटी सरकार आणि वाईनवाल्यांच्या मंडळानं मिळून बागा काढणाऱ्यांना हेक्टरी ६,००० युरो देऊ केले. सुमारे ९,५०० हेक्टर काढायचं ठरलं. बेवारस सोडलेल्या बागेतून शेजाऱ्याच्या बागेत रोग जातो, त्यापेक्षा पैसे घ्या आणि मुळासकट काढा.

मी मनात हिशोब केला. आपल्या पैशात एकरी सव्वादोन लाख. तुम्हीही आत्ता केलात, मला दिसतंय. गेल्या चार-पाच वर्षांत अवकाळीनं इथल्या किती जणांनी बागा काढल्या ते मी विचारणार नाही. हात वर करायला लावायचं वय गेलं.

मी तिला विचारलं, मामा काय म्हणतो? ती म्हणाली, काही म्हणत नाही. मशीन आलं त्या दिवशी तो गावात कॉफी प्यायला निघून गेला आणि अंधार पडल्यावर परत आला.

आमचे आबा त्या दिवशी विट्याला गेले होते. काही काम नव्हतं.

परतताना नदीकाठच्या रस्त्यावर तिनं आम्हाला एका पुतळ्यापाशी थांबवलं. साधी उभी बाई, ब्राँझची. मोदेस्त तेस्ता. मूळ नाव आल पुएसी. अठराव्या शतकात पूर्व आफ्रिकेतून लहानपणी पळवलेली, बोर्दोच्या दोघा व्यापारी भावांनी विकत घेतलेली आणि आजच्या हैतीत त्यांच्या मळ्यावर नेलेली. पुढं ती मुक्त झाली आणि तिचा एक नातू हैतीचा अध्यक्ष झाला. पुतळा २०१९ चा. मग ती म्हणाली, सकाळपासून तुम्ही ज्या इमारतींचे फोटो काढताय त्यांतला बराच पैसा नुसत्या वाईनचा नाही. साखर, कॉफी आणि माणसांचा आहे. इथून निघालेल्या जहाजांनी लाखाहून जास्त माणसं आफ्रिकेतून नेऊन विकली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात जो माल द्यायचे त्यात हिंदुस्थानातलं सुती कापडही असे. हे सांगताना तिनं आवाज खाली आणला नाही की वर नेला नाही. मग आम्हाला जवळच्या मोठ्या चौकात, प्लास द ला बूर्समध्ये, नेऊन दारांवरच्या चेहऱ्यांत एक आफ्रिकन बाईचा चेहरा दाखवला. सकाळी मी तिथूनच गेले होते. दिसला नव्हता.

तिथं फेरी संपली. त्या चौकासमोर काळ्या दगडाची प्रचंड फरशी आहे, साडेतीन हजार चौरस मीटरच्या आसपास, आणि तिच्यावर फक्त दोन सेंटिमीटर पाणी. समोरची सगळी इमारत त्यात उलटी दिसते. मधूनच पाणी आटतं आणि जमिनीतून धुकं येतं. पोरं अनवाणी पळत होती. मीही चपला काढून कडेला बसले. तिकडं दुपारचा एक वाजला होता, म्हणजे आपल्याकडं साडेचार. आबांची चहाची वेळ.

फोन लावला. म्हणाले, "कुठं हाईस?" मी म्हणाले, "बोर्डोत." ते म्हणाले, "कशात?"

मग मी सगळं सांगितलं. शहराचं, रस्त्याकडेच्या ओळींचं, गाईडच्या मामाचं. ते हुं हुं करत ऐकत होते. आणि एकदम माझ्या तोंडून ते निघून गेलं. म्हणाले, आबा, दहावीच्या वर्षी मी विळा बुडवून बघितला नव्हता. तुम्हाला खोटं सांगितलं. पानं माझ्यामुळं करपली.

थोडा वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाले, "अगं, इळा हुताच कुठं घरात? तुझी आई आदल्या सांजेला वैरणीला घिऊन गेलती, थितंच बांधावर इसारली हुती. मला ठावं हुतं की."

मी गप्प.

"तू साळंला गेल्यावर म्या उठून बघितलं खुरपं घालून. लाल न्हवतं झालं. औषध चांगलं हुतं तुझं. पर केवडा चार दिस आधीच घुसला हुता, पानामागं पांढरं धरलं हुतं. आत शिरल्याव बोर्डो काय करतंय? तरी मारलं. न मारून कसं चालंल?"

मी विचारलं, मग तुम्ही मला तेव्हा बोलला का नाहीत? तर म्हणाले, "तू कुठं इचारलंस?"

पाण्यात पाय सोडून मी बराच वेळ बसून होते. एका लहान फ्रेंच पोरानं जवळ येऊन माझ्याकडं निरखून पाहिलं आणि आईकडं पळून गेलं. गाईड सायकली मोजून घेत होती, तिनं माझी सायकल मला न विचारता नेली.

फोन ठेवण्याआधी आबांनी एक काम सांगितलं. त्या पोरीच्या मामाला विचार म्हणाले, त्यांच्यात इळा घालून बघत्यात का खुरपं. मी तिचा नंबर घेतला. पंधरा दिवसांनी तिचा मेसेज आला. मामा म्हणतो, आता तयार भुकटीची पोती येतात, पाण्यात टाकली की झालं, कुणी काही बुडवून बघत नाही.

मी दिवाळीला घरी गेल्यावर हे आबांना सांगितलं. ते अंगणात बसून लसूण सोलत होते. त्यांनी हातातली पाकळी तशीच धरली आणि म्हणाले, "मग चुना कमी पडला तर कळायचं कसं त्यास्नी?"